दोन डाव्या पायांच्या अस्वलाबाबत

मी, श्रीमती प्रेमलता रुपराव मेश्राम, वय ७३, धंदा टेडी शिवणे व शिकवणे, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाविना आणि नवा चष्मा लावून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मुलाला शंका काढायची सवय आहे, म्हणून दाखल्याच्या दोन प्रती आहेत.

१. घर. माझे पती कालकथित रुपराव यांच्या मागे हे घर माझ्या नावावर झालं. माझ्या पश्चात ते मुलगा पियुष याला मिळावं. अट एकच. समोरच्या खोलीत दर रविवारी अकरा ते दोन टेडीचा वर्ग भरेल. तिथे मोटारसायकल ठेवायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. मला कमी ऐकू येतं असं समजून तो माझ्यासमोरच फोनवर बोलतो.

२. अवजारं. शिलाई मशीन, लांब सुया, पुठ्ठ्याचे साचे आणि कापूस ठासायचा लाटण्याचा तुटका दांडा यांची वाटणी कलम ४ मध्ये आहे. मोठ्या कात्रीला मात्र पियुषने बोट लावू नये. फरचं कापड मागच्या बाजूने, नुसत्या टोकाने कापावं लागतं, म्हणजे केस तुटत नाहीत. त्याच कात्रीने त्याने दुधाची पिशवी कापली आणि वर म्हणाला, "धुऊन ठेवली नं, आई." हे मी विसरलेले नाही.

३. उशी. नणंद उत्तराबाई, राहणार सावनेर, यांना दिवाणावरची निळी उशी द्यावी. १९८२ साली यजमानांनी कळमेश्वरच्या कारखान्यातून ब्लँकेटची उरलेली पट्टी आणली. तिचं मी पियुषसाठी आयुष्यातलं पहिलं अस्वल शिवलं. उत्तराबाई पाहुण्या आल्या होत्या. म्हणाल्या, "काय वं वहिनी, हे अस्वल होय का डुक्कर?" सगळं घर हसलं, यजमानसुद्धा. मी आत जाऊन ते उसवलं आणि चिंध्या करून या उशीत भरलं. तेव्हापासून उत्तराबाई आल्या की हीच उशी मागतात. अशी मऊ उशी अख्ख्या सावनेरात नाही म्हणतात. आता त्यांना कळू द्या, त्या कशावर झोपत होत्या. उशी मी रागाने देत नाही. म्हणजे थोडी रागानेच देते, पण देते.

माझ्या वर्गाचा नियम तिथूनच आला. शिकाऊ माणसाचं पहिलं अस्वल कितीही वाकडं होवो, त्याला हसायचं नाही आणि ते उसवायचं नाही.

४. हर्षा. हा नियम एकदाच मोडला गेला, आणि तो मी मोडला. समोर राहणाऱ्या केशवरावांची सून हर्षा दोन वर्षांपूर्वी शिकायला आली. दुसरा पाय कापताना साचा पालथा करायचा असतो, ते ती विसरली. दोन्ही पाय डावे झाले. खुर्चीत बसवलं तर अस्वल रुसून एकीकडे निघाल्यासारखं दिसलं, आणि मी खो खो हसले. हर्षाही हसली, पर्स उचलली आणि पुन्हा आली नाही. त्या दिवशी आरशात मला उत्तराबाई दिसल्या.

मग मी मुद्दाम तसंच चुकीचं अस्वल शिवलं. चुकीचं शिवायला मला तीन दिवस लागले. काचेच्या कपाटात ठेवून त्यावर "माझं पहिलं" अशी चिठ्ठी लावली, म्हणजे हर्षा आली की दाखवता येईल. ती आली नाही. बाकीचे शिकाऊ मात्र ते बघून धीर धरतात. दोन वर्षं मी सगळ्यांना थाप मारते आहे.

सबब, मशीन, अवजारं, मोठी कात्री आणि रविवारचा वर्ग हर्षाला द्यावा. तिचं अस्वल माझ्या ट्रंकेत सुती साडीत गुंडाळलेलं आहे. त्याचा एक टाकाही मी उसवलेला नाही. ते कपाटात ठेवावं आणि माझं खोटं बाहेर काढावं. माझं चुकलं. तिने परत यावं, ही माझी शेवटची इच्छा आहे.

खाडाखोडीबाबत खुलासा. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, पण केशवरावांनी चहा पिता पिता सगळा वाचला. म्हणाले, "बाई, माह्या सुनेले हे तुम्ही मेल्यावर सांगून राहिल्या काय? आत्ताच सांगा नं!" आणि फाटकातूनच तिला हाक मारली. हर्षाने उभ्याने कागद वाचला आणि ट्रंकेतून आपलं अस्वल काढून मांडीवर घेतलं. मग कपाटाकडे बघितलं. "काकू, तुमच्याचे त दोन्ही पाय उजवे हायेत!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी हसू दिलं. नियम पहिल्या अस्वलापुरता आहे, आणि माझं पहिलं उशीत आहे.

रविवारी ती येणार आहे. म्हणून कलम ४ मधलं शेवटचं वाक्य मी खोडलं असून खोडलेल्या जागी आम्हा तिघांच्या सह्या आहेत.

लिहून देणार: प्रेमलता रुपराव मेश्राम (सही)
साक्षीदार: १) डॉ. रजत वासनिक (सही) २) केशव ढोके (सही, कपाच्या डागासह)
स्थळ: हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४