सेल थेरपीत माझं सिलेक्शन

२ जानेवारी
राजीनामा दिला. सांबार पावडरीत बुरशी आहे का, लोणच्यात जंतू आहेत का, हे आता दुसऱ्या कोणीतरी बघावं. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेल्या माणसाने मसाल्याच्या कंपनीत मिरचीपुडीवर म्हातारं व्हायचं नसतं.

पुढची दिशा पक्की. सेल थेरपी. पेशंटच्या पेशी काढायच्या, लॅबमध्ये वाढवायच्या, त्यांना शिकवून तयार करायचं आणि परत त्याच्याच अंगात सोडायच्या. फ्युचर हेच आहे. फ्युचर बेंगळुरूत आहे. मीही बेंगळुरूत आहे.

संध्याकाळी स्वानंदीला सांगितलं. तिने विचारलं, दुसरी नोकरी हातात आहे का? म्हटलं, नजरेत आहे. ती काही न बोलता ऑफिसच्या कॉलवर गेली. बायकोचा असा मूक पाठिंबा सगळ्यांच्या नशिबी नसतो.

५ जानेवारी
आजपासून रोज एक रिसर्च पेपर वाचणे. अर्ज करत राहणे. कन्नड शिकणे. पेशींचं काम नाजूक, हात स्थिर हवेत, म्हणून चहा बंद.

६ जानेवारी
चहा सुरू. चहाशिवाय हात जास्त थरथरतात. प्रयोगाने सिद्ध.

१७ जानेवारी
कोरमंगलातला ‘हँड्स-ऑन सेल कल्चर’ कोर्स संपला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. बॅच फार मोठी होती, त्यामुळे हँड्स-ऑन हे सरांचेच राहिले. आम्ही मागून बघायचो. पण एकदा पिपेट माझ्या हातात आली होती. सरांना फोन आला म्हणून त्यांनी धरायला दिली होती. मी ती फार व्यवस्थित धरली.

लिंक्डइनवर ‘सेल थेरपी प्रोफेशनल’ असं लिहिलं. स्वानंदी म्हणाली, प्रोफेशनल म्हणजे ज्याला त्या कामाचा पगार मिळतो तो ना? आयटीवाल्यांना प्रत्येक गोष्टीत बग दिसतो.

२५ जानेवारी, रविवार
अर्जांना उत्तरं येऊ लागली. ‘तुमच्या प्रोफाइलने आम्ही प्रभावित झालो, पण...’ पहिलं निम्मं वाक्य महत्त्वाचं.

दुपारी खालच्या मजल्यावरचे घरमालक शामसुंदर अण्णा मुलीला घेऊन वर आले. यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, चामराजपेटला कापडाचं दुकान. मराठी बोलतात, मधे मधे कन्नड पेरून. म्हणाले, “आमच्या दिव्यश्रीला स्वल्प गाइड करा की. तुम्ही त्या लाइनीतलेच.” दिव्यश्रीने लॅब टेक्नॉलॉजीची डिग्री घेतली आहे, नोकरी बघते आहे.

तासभर गाइड केलं. सांगितलं की या क्षेत्रात दोन वाटा आहेत. एक हॉस्पिटलच्या सायटॉलॉजी लॅबची. पेशंटच्या पेशी काचेच्या स्लाइडवर पसरायच्या, रंगवायच्या, मायक्रोस्कोपखाली कॅन्सरची शंका येते का बघायचं. दिवसभर बघायचंच. कारकुनी. दुसरी वाट पेशी घडवण्याची. माझी.

तिने सगळं ऐकून विचारलं, “सर, तुम्ही सध्या कुठे असता?”
म्हटलं, दोन संधींच्या मधे. अण्णा “सरी, सरी” म्हणजे ‘बरं, बरं’ म्हणाले आणि कॉफी प्यायले.

४ फेब्रुवारी
इंटरव्ह्यूचा कॉल! कोरमंगलातली स्टार्टअप. रक्ताच्या कॅन्सरवर सेल थेरपी. मला माहीतच होतं. आईला नागपूरला फोन करून सांगितलं. तिने पूर्ण गल्लीला सांगितलं असेल एव्हाना.

१० फेब्रुवारी
इंटरव्ह्यू झाला. छान झाला. एकच गडबड.

लॅबचे प्रमुख डॉ. हयवदन. शांत माणूस, बारीक आवाजात बोलतो. म्हणाला, तुम्ही ज्या पेशींवर काम केलं त्या कितव्या पॅसेजमध्ये होत्या? म्हटलं, शेवटच्या पॅसेजमध्ये, लिफ्टशेजारी. त्याने माझा बायोडेटा पुन्हा पहिल्यापासून चाळला.

घरी येऊन गूगल केलं. पेशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हलवतात त्याला पॅसेज म्हणतात. मग तसं विचारायचं ना.

दुसरा प्रश्न, कल्चरमध्ये बुरशी शिरली तर सगळ्यात आधी काय कराल? म्हटलं, टीमचं मनोबल टिकवीन. हे उत्तर त्याला आवडलं असावं. त्याने पेनाचं टोपण लावलं. त्याअर्थी निर्णय झाला.

निघताना काचेपलीकडे क्लीन रूम दिसली. नखशिखान्त पांढऱ्या सूटमधली माणसं, फक्त डोळे दिसतात. कोणी घाईत नाही. मी तिथे उभा राहून बघत होतो तर एचआरने दोनदा हाक मारली म्हणे.

१९ फेब्रुवारी
उत्तर नाही. चांगले निर्णय सावकाश होतात.

स्वानंदीने माझ्या नावाने परस्पर एक अर्ज केला आहे. इथेच राजाजीनगरच्या एका हॉस्पिटलची सायटॉलॉजी लॅब. मला न विचारता! मी चिडलो. ती म्हणाली, जाऊन तर ये, चालत जाण्याइतकं जवळ आहे. करिअर असं चालत जाण्याच्या अंतरावर निवडायचं असतं का?

स्वानंदीचं एकच, एकदा जाऊन ये.

२३ फेब्रुवारी
गेलो. प्रॅक्टिस म्हणून.

लॅबप्रमुख डॉ. अलका पुण्याच्या. सर्टिफिकेटकडे बघितलंसुद्धा नाही. (लॅमिनेशन चमकत असल्यामुळे वाचता आलं नसेल.) मला सरळ मायक्रोस्कोपसमोर बसवलं, एक स्लाइड ठेवली आणि म्हणाल्या, “घाई करू नका. काय वेगळं वाटतं ते दाखवा.” मी नेहमीसारखा एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीओळीने बघत गेलो, मसाल्याच्या लॅबमध्ये बघायचो तसा. गुलाबी-निळ्या पेशी, सगळ्या सारख्या. अगदी कडेला चार-पाच पेशींचा एक पुंजका दिसला. केंद्रकं मोठी, काळपट, वेडीवाकडी. म्हटलं, या बाकीच्यांसारख्या नाहीत.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, पुष्कळ लोक कडेपर्यंत जातच नाहीत. ही स्लाइड ज्या बाईंची, त्यांचं ऑपरेशन याच पुंजक्यामुळे वेळेत झालं. मग म्हणाल्या, तुमची नजर चांगली आहे, बाकीचं मी शिकवते, सोमवारपासून या.

मी विचार करायला वेळ मागितला. त्या जरा चकित झाल्या. माझ्या कॅलिबरचा माणूस त्यांना रोज कुठे भेटणार.

२३ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर
स्वानंदीला सांगितलं. तिचा चेहरा इतका खुलला की पुढचं सांगायला जड गेलं. “घे ना रे ती नोकरी,” म्हणाली. म्हटलं, नुसतं बघायचंच काम आहे. ती म्हणाली, “मग? तुला बघता येतं ना?” हिला व्हिजन म्हणजे काय ते समजावणं अवघड आहे.

३ मार्च
स्टार्टअपला चौथा फॉलोअप मेल. उत्तर नाही. स्पॅममध्ये जात असणार. उद्या स्वतः जाणार. अशा कंपन्यांना इनिशिएटिव्ह आवडतो.

४ मार्च
गेटवरच्या माणसाने आत सोडलं नाही. मी कन्नडमध्ये बोलायचा प्रयत्न केला. तो हिंदीत म्हणाला की हिंदीत बोला. मग एचआरची मुलगी बाहेर आली. म्हणाली, पोस्ट भरली आहे, पण तुमची माहिती आमच्याकडे राहील आणि कशातही गरज लागली तर नक्की कळवू.

‘कशातही’ हा शब्द तिने आपणहून वापरला. म्हणजे एकाहून अधिक पोस्टसाठी विचार चालू आहे.

येताना पाऊणएक तास एकाच सिग्नलला अडकलो. या शहरात टॅलेंट पुढे जात नाही याचं मूळ कारण ट्रॅफिक.

९ मार्च
डॉ. अलकांचा फोन. काय ठरलं? म्हटलं, थोडं थांबता येईल का, एक मोठी ऑफर येतेय. त्या म्हणाल्या, “स्लाइड थांबत नाहीत हो. रिपोर्टची वाट बघणारं माणूस घरी बसलेलं असतं.” दुसरं कोणी सुचत असेल तर पाठवा म्हणाल्या.

मी उदारपणे दिव्यश्रीचं नाव सुचवलं. तिला सांगितलं, मॉक इंटरव्ह्यू समज, हरायची प्रॅक्टिसही हवी.

१४ मार्च
दिव्यश्री जिंकली. अण्णा स्वतः म्हैसूरपाक घेऊन वर आले. “तुमच्यामुळंच झालं बघा,” म्हणाले आणि मला मिठीच मारली. दिव्यश्री वाकून नमस्कार करू लागली तेव्हा मला एकदम कसंतरी झालं. दुपारचं जेवण जरा जास्त झालं होतं.

पोरगी फार लवकर सेटल झाली. तिला महत्त्वाकांक्षा नाही.

स्वानंदीने म्हैसूरपाक खाल्ला नाही. ताट उचलताना एवढंच म्हणाली, शार्दूल, मी दमलेय. तिच्या कंपनीत वर्कलोड फार आहे.

२७ मार्च
आज काही नाही. रिसर्च पेपर नाही. अर्ज नाही. सकाळी दिव्यश्री डबा घेऊन हॉस्पिटलला जाताना दिसली. गॅलरीतून आत आलो. उन्हं फार होती.

२ एप्रिल, दुपारी
फोन आला!! स्टार्टअपच्या एचआरचाच. शब्द न् शब्द लिहून ठेवतो. “सर, आमच्या सेल थेरपी प्रोग्रॅमचा भाग व्हायला तुम्हाला आवडेल का?”

मी ‘हो’ म्हटलं तेव्हा तिचं वाक्य अजून चालू होतं. पुढचं ती बरंच काही बोलली, मला कानात घंटा वाजल्यासारखं झालं होतं. एवढं कळलं की मंगळवारी मेडिकल आहे, आधार कार्ड आणायचं आणि पोटभर नाश्ता करून यायचं. किती काळजी घेणारी कंपनी!

आईला फोन केला. आई रडली. स्वानंदीने पोस्ट कोणती ते विचारलं. म्हटलं, स्टार्टअपमध्ये माणूस आधी घेतात, पोस्ट मागून ठरते. ती माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी.

७ एप्रिल
मेडिकल झालं. इतकं कसून मेडिकल मसाल्याच्या कंपनीत कधी झालं नव्हतं. रक्त, बीपी, वजन. कावीळ झाली होती का, टॅटू आहे का, कुठली औषधं घेता? माणसाचा असा सर्वांगीण विचार करतात. माझ्या दोन्ही हातांच्या शिरा दाबून बघितल्या आणि नर्स “सूपर, सार” म्हणाली.

सह्या केल्या. न वाचता. विश्वास दाखवला की विश्वास मिळतो.

१३ एप्रिल
रिपोर्ट आले. एक्सलंट! एचआर म्हणाली, गुरुवारी सकाळी या, तीन-चार तास लागतील, सैल हाफ शर्ट घाला. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस आणि तोही कॅज्युअल. यालाच वर्क कल्चर म्हणतात.

स्वानंदीने नवा हाफ शर्ट आणला. आकाशी. अण्णांनी खास माझ्यासाठी देवळात अर्चना केली. दिव्यश्री म्हणाली, सर, तुमची लॅब बघायला मला एकदा न्या. म्हटलं, बघू, क्लीन रूममध्ये कोणालाही नेता येत नाही.

१६ एप्रिल, संध्याकाळी
डाव्या हाताला पट्टी आहे, उजव्या हातालाही. अक्षर वाकडं येईल.

सकाळी मला एका मोठ्या आरामखुर्चीत बसवलं. म्हटलं, ओरिएंटेशन. मग एका हातात सुई, दुसऱ्या हातात सुई, मधे वॉशिंग मशीनएवढं यंत्र. रक्त एका हातातून जातं, यंत्र त्यातल्या हव्या त्या पेशी काढून घेतं, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. “स्वल्प रिलॅक्स माडी, सार,” नर्स म्हणाली. तिला विचारलं, सगळ्या स्टाफचं घेतात का? ती म्हणाली, स्टाफचं कशाला, डोनरचंच घेतात.

मी आधी एका सुईकडे बघितलं, मग दुसरीकडे. हलताही येत नव्हतं.

मग डॉ. हयवदन आले. मी उठायला गेलो, यंत्र वाजायला लागलं. म्हणाले, नवी पद्धत तपासायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात, तुम्ही आलात, फार उपकार झाले. म्हणाले, “युवर सेल्स आर ब्यूटिफुल.” अगदी मनापासून. मी विचारलं, सर, माझी पोस्ट? त्यांना प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं नाही.

काम झाल्यावर पांढऱ्या सूटमधली एक मुलगी आली. यंत्रावरची छोटी पिशवी तिने दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली, दार पायाने ढकललं आणि काचेपलीकडे गेली. इतक्या जपून मला आजवर कोणी कुठे आत नेलं नव्हतं.

ज्यूस दिला. बिस्किटं दिली. गाडी चालवू नका म्हणाले, म्हणून स्वानंदी न्यायला आली. तिने दोन्ही पट्ट्या बघितल्या. विचारलं, दुखतंय का? म्हटलं, नाही. ऑटोत बसलो. मग मी म्हटलं, डॉ. अलकांकडे आणखी एखादी जागा असेल का? ती म्हणाली, दिव्यश्रीला विचारावं लागेल.

विचारलं. जागा नाही.

आत्ता आईचा फोन येऊन गेला. पहिला दिवस कसा गेला, फार काम पडलं का? सांगितलं, कामाचं विचारू नकोस, सकाळपासून खुर्चीवरून उठू दिलं नाही.