अब्बांच्या पाठीमागची जागा

४ मार्च
पहिले रोजे अंगावर येतातच. शाळेत सहावीला अपूर्णांक शिकवताना घसा कोरडाठाक. नेकनूरला पोचून जेमतेम इफ्तार गाठली. मशिदीत खजूर, कलिंगड, बायकोनं, शबानानं पाठवलेली भजी. इशाच्या नमाजानंतर तरावीह, रमजानातली रात्रीची लांबलचक नमाज. यंदाही अब्बा पुढे, मी त्यांच्या पाठीमागे. ते कुराण तोंडपाठ पढणार. अडले की मी पुढचा शब्द द्यायचा, म्हणजे लुकमा. रमजानभरात कुराण पुरं व्हायला हवं, एकही आयत, एकही ओळ सुटता कामा नये. आज लुकमे फार द्यावे लागले. वय झालं त्यांचं.

७ मार्च
परत तेच. मूसा पैगंबरांचा किस्सा कुराणात ठिकठिकाणी येतो, आयती सारख्या. मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडीनं भलताच रस्ता धरावा, तसे अब्बा दुसऱ्याच अध्यायात, दुसऱ्याच सूरहमध्ये शिरतात. मी ओढून आणतो. पाय भरून येतात, डोळे मिटतात, पण कान मिटायची सोय नाही.
बाहेर चपला घालताना मशीद कमिटीचे रशीदभाई : "मास्तर, लोक बोलायलेत. आता तुमीच पुढं व्हा की."
"अब्बांना कोण सांगणार?"
"तुमीच!"
शहाणाच आहे.

९ मार्च
रविवार. झोपून काढायचा होता. पाहुणे. शबानावर उगाच खेकसलो. ती म्हणाली, "रोजा पोटाचाच हाय का? जिभेला न्हाई का?"

१० मार्च
आज अब्बांच्या काही आयती गळाल्या. मला कळलं. ते थांबलेही क्षणभर. पण मागं कुणीतरी मुद्दाम खाकरलं, आधीच इतके लुकमे झालेले... तोंड उघडलंच नाही. अब्बा तसेच पुढे गेले. कुणाला पत्ता नाही. सगळ्या मशिदीचं कुराण अर्धवट, आणि ते मला एकट्याला माहीत. सांगितलं तर अब्बा खचतील. नाही सांगितलं तर...

११ मार्च, पहाटे
सहरीला, रोजा धरण्याआधीच्या खाण्याला, सांगून टाकलं. अब्बा चहात पाव बुडवत होते.
"म्हाईत हाय. थांबलो होतो की मी, तुझ्यासाठी."
"कीव केलीस व्हय? आरं, तू मागं हायस म्हनून मी पुढं उभा ऱ्हातो. तूच गप बसलास तर कुनाच्या भरवशावर पढू?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळा आहे, डोळ्याला डोळा लागलेला नाही.

११ मार्च, रात्री
तरावीहला उभं राहण्याआधी अब्बा लोकांकडे वळले. म्हणाले, काल माझ्याकडून काही आयती राहिल्या, चूक माझी, आज आधी त्या पढतो. माझं नावही काढलं नाही. मग पढले. शेवटपर्यंत एकही लुकमा लागला नाही. मी लहानपणी ऐकायचो तोच आवाज. मागे उभा राहून रडलो. रशीदभाईंनी पाहिलं असेल तर पाहू दे.
घरी येताना म्हणाले, "उद्यापासून तू पुढं. मी मागून ऐकतो."
"पण आज तर तुमी कुठंच चुकला न्हाईत, अब्बा."
"म्हनूनच."
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अंगात त्राण नाही. पलीकडच्या खोलीत अब्बा हळू आवाजात उद्याचा पारा, कुराणाचा उद्याचा भाग, पढताहेत. पुढे उभं राहायला की मागे, विचारायची हिंमत होत नाही.