भोपळ्याचा गळपट्टा

२ मे, सकाळी
आजपासून थीसिस. निश्चय पक्का. मांजर आणि ससा यांच्या अंधनालाची तुलना. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथली बंद पिशवी ती अंधनाल, असं मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, बंद आहे तर राहू द्या की. अशा माणसांत राहून मी संशोधन करतोय.

मांजराची पिशवी करंगळीच्या पेराएवढी, सशाची अख्खं पोट व्यापणारी. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण दोन, सशाची पचनसंस्था, तर मला तोंडपाठ आहे, वर्गात न बघता म्हणतो. गाईड सरांचा फोन आला. मांजर झालं, सशाचा ताजा नमुना कधी? म्हटलं, बघतो सर.

लेक सुट्टीला मावशीकडे गेली. तिचा ससा भोपळ्या माझ्या ताब्यात. जाताना ढीगभर सूचना. म्हटलं, अगं, तुझा बाप प्राणिशास्त्र शिकवतो. तर म्हणाली, "बाबा, त्याला दुखलं तरी तो ओरडत नाही. म्हणून बघत राहा." मलाच शिकवते.

४ मे
शीर्षक टाइप केलं. तीन फाँट लावून पाहिले. दमलो.

सकाळी बघतो तर भोपळ्या मान खाली घालून स्वतःच्याच लेंड्या खातोय. मऊ, चकचकीत, घोसच्या घोस, आणि जमिनीवर पडूही न देता. शिसारी आली. लेकीने लाडावून ठेवलाय, दुसरं काय. तिच्या येण्याआधी याला वळण लावायचं.

५ मे
थीसिसच्या फाइलीचं प्लास्टिक कव्हर कापून गळपट्टा केला. आता तोंड मागे पोचत नाही. अक्कल लागते याला. भोपळ्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला. बायको म्हणाली, अहो, फाइल उघडली हे तरी बरं झालं. दुर्लक्ष केलं.

शेजारचं मांजर खिडकीबाहेर येऊन बसलंय. हाकललं तर उठलं नाही.

८ मे
लिखाण नाही. खुर्ची कुरकुरते, सुतार येत नाही. पण गळपट्ट्याचा फायदा दिसतोय. लेंड्या कमी आणि बारीक झाल्या. पचन सुधारलं असणार.

मांजर पुन्हा आलं. माझ्याकडे बघत नाही, पिंजऱ्याकडे बघतं.

लेकीचा फोन. खातो का? म्हटलं, मजेत आहे. नाहीतरी पाठ होती त्याची, नीट दिसलं नाही.

१० मे
भोपळ्याने गवताला तोंड लावलं नाही. दात मात्र खातोय, करकर करकर. समाधानाने असेल. बायको म्हणाली, दवाखान्यात न्या. घरात मी असताना? मांजराचं पोट बिघडलं की एक वेळ उपाशी ठेवतात, आपोआप ताळ्यावर येतं. गवत काढून घेतलं. बायको उठून आत गेली. तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

११ मे, सकाळी
करकर थांबली. म्हटलं, बरं झालं, या शांततेत प्रस्तावना उरकू. एक ओळही सुचेना. पिंजऱ्यात एकही लेंडी नाही. एवढी स्वच्छता मला हवी होती, आता बघवत नाही. त्याचे कान गार लागले.

मांजर आज आलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

११ मे, संध्याकाळी
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गळ्यात हे काय? स्वच्छतेसाठी, म्हटलं. त्यांनी विचारलं, सशाच्या अंधनालाचं काम काय असतं, ठाऊक आहे? मला विचारतात! मी सुरूच केलं. खाल्लेलं गवत तिथे आंबतं, त्याच्या मऊ लेंड्या होतात, ससा त्या लगेच पुन्हा खातो, खरं पोषण त्याला त्यातूनच मिळतं, आणि सशाचं आतडं कधी थांबता कामा नये, म्हणून त्याला उपाशी...

प्रकरण दोन, अगदी शब्द न् शब्द. बाईंनी कात्रीने गळपट्टा कापला. त्यावर माझ्या थीसिसचं लेबल तसंच चिकटलेलं होतं. भोपळ्याला ठेवून घेतलं. बायकोने लेकीला फोन केला. माझ्याच्याने झाला नाही.

१२ मे
भोपळ्या सकाळी गेला.

लेक दुपारी आली. रडून झालं असावं. एवढंच म्हणाली, "बाबा, तुला माहीत होतं ना?" हो म्हटलं. माहीत नव्हतं म्हणायची सोय नव्हती. जिवंत ससा मी याआधी नीट बघितलाच नव्हता, बरणीतलाच काय तो, पण हे तिला कसं सांगणार.

मागे पेरूखाली खड्डा खणत होतो तेव्हा सरांचा फोन आला. सशाचा ताजा नमुना मिळाला का? टॉवेलात गुंडाळलेला भोपळ्या लेकीच्या मांडीवर होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

नाही सर, म्हटलं. सर म्हणाले, मग तुमचं काही खरं नाही. हो सर, म्हटलं.

फोन खिशात ठेवून पुन्हा वाकलो. लेकीने माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि उरलेला खड्डा तिने एकटीने खणला.