उंच केलेली गाडी आणि तिची पुढची व्यवस्था

बेबी, तुला आठवत असेल. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात आपण दोघी मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसलो होतो आणि माझे सासरे, म्हणजे तुझे वडील, गाडीखाली आडवे होते. नुसते पाय दिसत होते. तू म्हणालीस, "वहिनी, या घरातले पुरुष पायांवरून ओळखायला शिका. तोंड फक्त जेवायला बाहेर येतं." नवी नवरी असूनही मी इतकी हसले की टोपली कलंडली.

ही आठवण मृत्युपत्रात कशाला, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, राहू द्या. आता रीतीप्रमाणे लिहिते.

मी, या घराची मालकीण, वय चौसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझे हृदय थकले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलाने फोनवरून थोडे आणून पाहिले, पण तो लवकर दमतो.

पहिले, घर. घर मुलाला. मात्र मागचे अंगण व पत्र्याची शेड माझ्या नणंदेच्या, जिला पन्नाशी उलटली तरी सगळे बेबीच म्हणतात तिच्या, वापरात राहील. ती गाडी चालवणे सोडेपर्यंत. तेथे फुलझाडे लावण्याचा सुनेचा बेत चांगला आहे. पुढच्या अंगणात लावावीत.

दुसरे, बँकेतील ठेव. ती नातीच्या शिक्षणासाठी.

तिसरे, बांगड्या सुनेला. शिवणयंत्र धाकट्या जावेला, जे तिने मागे "दोन दिवसांसाठी" नेले आणि अजून आणलेले नाही. आता आणू नये.

चौथे, गाडी. येथे मला जरा जास्त जागा लागेल.

बेबी आरोग्य केंद्रात नर्स आहे, बाळंतपणे करते. केंद्राची गाडी ओढ्याशी थांबते. पुढे वरच्या वस्तीपर्यंत दगड, चढ आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. बेबी तेथे चालत जायची, दुखऱ्या गुडघ्याने. यजमान गेल्यावर त्यांची गाडी अंगणात धूळ खात उभी होती. एका सकाळी बेबी चहाचा कप घेऊन तिच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "वहिनी, हिला उंच केली तर ही माझ्यापेक्षा बरी चढेल."

गॅरेजवाल्यांना पावसाळ्याआधी सवड नव्हती. "मग हत्यारं द्या, आणि चुकलं तर ओरडा," बेबी म्हणाली. त्यांनी दोन्ही मनापासून केले.

आम्ही सांगाडा लोखंडी घोड्यांवर टेकवला, चाके काढली, गंजलेल्या बोल्टांना तेल पाजत बसलो. जुने कमानपाटे, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, उतरवून जाड, जास्त बाकाचे नवे चढवले. लांब शॉकॲब्सॉर्बर घातले, खोल खाचांचे टायर घातले. मागच्या ॲक्सलमधले लॉक तेवढे गॅरेजवाल्यांनी बसवले. त्यामुळे एक चाक चिखलात नुसते गरगरले तरी दुसरे ओढत राहते.

कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टरनी मला शिकवले होते की टाका उलट बाजूनेही नीटस दिसला पाहिजे आणि काम अर्धवट सोडून उठायचे नाही. त्या शिस्तीने मी गाडी घोड्यांवर असतानाच सगळे बोल्ट पुसून, करकचून आवळले. बेबीने पाना धरला होता. आमचे काम इतके देखणे होते की आम्ही त्याचा फोटो काढला.

गाडी खाली उतरवली तर ती ताठ, रुसल्यासारखी उभी राहिली. खड्ड्यात गेली की कुईं करायची. बेबीने गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, पालथी पडली आणि पाट्याच्या टोकांना लावून ऐकू लागली. मला मागेपुढे गाडी हलवायला लावली.

"वहिनी, आतलं रबर पिळलंय. अधांतरी असताना आवळलं ना आपण. भार आला तेव्हा ते तसंच मुरगळलं."

"फाटलं?"

"एक फाटलं. बाकीची वाचतील."

ते रबर बदलून तिने सगळे बोल्ट पुन्हा सैल केले, गाडी चार पायांवर उभी केली आणि मला म्हणाली, "आत बसा. वजन पाहिजे."

"माझ्या वजनावर बोलू नकोस."

"बोलत नाहीये. देवाने दिलंय, वापरतेय."

गाडीने भार घेतल्यावरच तिने एकेक बोल्ट आवळला. पुढे जो कोणी पाटे बदलेल त्याने असेच करावे, ही माझी लेखी सूचना समजावी.

त्या पावसाळ्यात वरच्या वस्तीतल्या एका अडलेल्या पोरीला बेबीने त्या चढावरून खाली आणले. मी मागे तिचे डोके मांडीवर घेऊन होते. ओढ्याच्या काठावर चाक फिरू लागले तेव्हा बेबीने लॉक टाकले, एक्सिलरेटरवर पाय हलकाच ठेवला आणि गाडीशी जसे बोलली तसेच त्या पोरीशीही: "घाई नाही गं, जमतंय." आई आणि मूल दोघे सुखरूप आहेत. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसे पाहिली. इतके शांत हात पाहिले नाहीत.

मुलगा म्हणतो, "आई, ती गाडी आहे का उंट? जुने पाटे घाल, विकून टाक. आत्या एक दिवस दरीत जाईल." त्याला आत्याची काळजी आहे, हे मला कळते. पण गाडी गेली तर आत्या घरी बसणार नाही, चालत जाईल. हे त्याला कळत नाही.

म्हणून गाडीसाठी मी माझ्या मरणाची वाट पाहिलेली नाही. नावबदलाच्या अर्जावर आज सकाळीच सही केली. हे कलम उरले तरी गाडी माझी उरलेली नाही. ती बेबीची आहे, हत्यारांसकट. बेबीने चालवणे सोडले की तिच्या जागी येणाऱ्या नर्सला ती द्यावी.

शेवटचे, मुलासाठी. घराखेरीज त्याला मी एक दिवस देते: ऐन पावसातला, वरच्या वस्तीच्या वाटेवरचा, आत्याच्या शेजारी बसून. चालवायला मागू नये. तिचे हात पाहावेत.

सही: घराची मालकीण
साक्षीदार: शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर, गॅरेजवाले (हात धुऊन आले आहेत)
स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १२ मे, वर्ष शिक्क्यात आहे ते