कुंताबाईचा बल्ब

चिखला

प्रिय आईस, तृप्तीचा जयभीम.

मी बरी आहो, जेवणही वेळेवर होते. पवनीले थंडी वाढली काय? बाबाचा खोकला कसा आहे?

कमी विजेचे बल्ब आन् पंखे आल्यापासून बिल सोडून आणखी काय फायदा झाला, झोप सुधारली काय, पोरं अभ्यास करतात काय, हे आम्ही सर्व्हेवाले इथं घरोघरी विचारून फॉर्मात लिहून राहिलो. आज सायंकाळी कुंताबाईकडे गेली. ती एकटीच राहते. तिचे घरवाले श्यामराव खाणीत होते, ते वारून बरीच वर्षं झाली.

"फायदा?" ती म्हणाली. "पिवळ्या उजेडात हे दारात उभे राहत, तं नुसती सावली दिसे. आता या पांढऱ्या उजेडात तोंड दिसते वं. लय उदास दिसते, मले पाहवत नाही. जुना बल्ब लावून दे."

हे कुठं लिहावं, मले समजलं नाही. मी स्टुलावर चढली. ते डुगडुगत होतं.

"कुंताबाई, जरा धरा," मी म्हटलं, आन् स्टूल लगेच घट्ट झालं.

बल्ब लावून खाली पाहिलं, तर स्टुलाजवळ कोणीच नव्हतं. कुंताबाई सयपाकाच्या खोलीतून चहा घेऊन येत होती.

तू घाबरू नको, आई. ज्यानं धरलं, त्यानं मी उतरेपर्यंत सोडलं नाही.

तुझीच,
तृप्ती