केळफुलातली नववी जागा

पिंप्राळा, जळगाव
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मंदा,

नमस्कार. तू मजेत असशीलच, माहेरची सावद्याची हवा तुला कायमच मानवते. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून शेवटी हे पत्र. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर खिडकीतली मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता ही मला आधी बसायला खुर्ची देते की काय!

इकडे सगळं ठीक. कॉलनीत भरिताचा धुमाकूळ चाललाय, रोज कुणाच्या तरी अंगणात वांगी भाजतात. तुझ्या बंद दारापुढच्या तुळशीला मी पाणी घालते. म्हणजे जाता-येता घालते, मुद्दाम नाही.

आता मुद्द्याचं. एक-दोन दिवसांत तुझ्या माहेरी कुणी पडलेल्या तोंडाने, डोळ्याला पदर लावून आलं तर घाबरू नकोस. चहा दे आणि सांग की मी धडधाकट आहे. त्यात माझा थोडासा हात आहे. थोडासाच. नीट सांगते, पण मध्येच पत्र फाडायचं नाही. आधी शपथ घे.

गेल्या रविवारी आपल्या मंडळाचा केळफुलाचा नाच धुळ्याच्या स्पर्धेत झाला. नऊजणींचा बसवला होता, तू गेल्यावर आठजणी उरल्या. बदलायला वेळ नव्हता, म्हणून तुझी जागा तशीच रिकामी ठेवून नाचल्या. आपलं जे झालं ते झालं, ते मी आता उकरत नाही.

तुला आठवतंय ना, मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहायचे आणि तुम्हा सगळ्यांना अंगणात रांगोळीच्या ठिपक्यांवर उभं करायचे. वरून काय दिसायचं गं ते! जीनतने शिवलेले ते जांभळे ब्लाउज, जांभळे पदर, सगळ्या आत तोंड करून वाकलेल्या, मग एकेक पाकळी उलगडायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

मंदा, धुळ्याच्या नाट्यगृहात मी जन्मात पहिल्यांदा तो नाच खाली बसून बघितला. चौथ्या रांगेत. पडदा वर गेला आणि दिसल्या फक्त पाठी. पाठी म्हणजे, तू समजून घे. वाकलेल्या आठ बायका आणि पाठ प्रेक्षकांकडे! पाकळ्या आतल्या आत उलगडल्या, त्या दिसल्या असतील तर वरच्या पंख्याला.

माझ्या शेजारी एक धुळ्याच्या आजी बसल्या होत्या. त्या बराच वेळ मान वाकडी करून बघत होत्या. मग मला कोपर मारून म्हणाल्या, "माय वं, कोनं कुडकं पडनं का? बठ्ठ्या काय शोधी राहिन्यात?"

मी म्हटलं, "कुणाचं कानातलं नाही पडलं, आजी, ते केळफूल आहे."

"कोठे शे?"

मी काय दाखवणार? मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सापडलं का?" आणि अख्खं नाट्यगृह हसलं. मी पर्स तोंडापुढे धरली. आपल्या बायकांना वाटलं लोकांना आवडलंय, त्या आणखी जोरात वाकल्या.

मग शेवटचा फेर आला. सगळ्या आत तोंड करून हात धरून गोल फिरतात तो. तुझी जागा सारिका आणि लताबाईंच्या मध्ये. दोघींनी हात पुढे केलेले, मध्ये कुणी नाही. मी तर डोळेच मिटून घेतले होते. पण हसू थांबलं, म्हणून उघडले.

फेर फिरत फिरत ती रिकामी जागा पुढे आली की त्यातून आत दिसायचं. पलीकडच्या बायकांचे चेहरे दिसायचे. घामेजलेल्या, हसणाऱ्या, मोठ्याने ताल मोजणाऱ्या, सगळ्या. आणि अलीकडे ते दोन रिकामे हात. जागा पुन्हा मागे जायची, तसे लोक पुढे सरकून वाट बघायचे की आता कधी येते. त्या आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आते दिखनं." मंदा, मला पण तेव्हाच दिसलं. पाच महिने मी टाकीपाशी उभी राहून काय बघत होते कोण जाणे.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं जरा वाईट आहे.

परीक्षक बाई माईकवर आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "दिवंगत सखीची जागा रिकामी ठेवून तिला वाहिलेली अशी श्रद्धांजली मी आजवर पाहिली नाही." मग उत्कृष्ट रचनेचं पहिलं बक्षीस आपल्या मंडळाला! आणि त्यांनी सगळ्या नाट्यगृहाला दोन मिनिटं उभं केलं. तुझ्यासाठी. चारशे माणसं, मंदा. एवढी तर आपल्या नगरसेवकासाठी पण उठली नसती.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं पण होतं. पण हातात ढाल आली, फोटोवाला पुढे आला, आणि मी मान खाली घालून हात जोडले. सारिका कानात पुटपुटली, "मावशी, मंदामावशींनी आज सकाळीच केळीच्या वेफर्सचं स्टेटस ठेवलंय." मी तिचा पाय तुडवला. फोटो ‘मंदाला श्रद्धांजली’ म्हणून गावभर फिरला. काल तुझ्या आतेबहिणीचा, बेबाबाईचा, रडत फोन आला, की अगं, परवाच तर ती सावद्याच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भांडत होती, असं अचानक कसं झालं? ती तुझ्याकडे यायला निघालीय. म्हणून म्हटलं, चहा दे.

आता हस किंवा शिव्या घाल, पण पुढचं वाच.

२ फेब्रुवारीला जळगावात सगळ्या विजेत्यांचा कार्यक्रम आहे. संयोजकांचा फोन आला. त्यांना नाच तस्साच हवाय, वर तुझा एक मोठा फोटो हवाय. हार ते आणणार आहेत. मी खरंच अल्बम काढून बसले गं. एकेक फोटो बघत होते, हा नको, यात तिने डोळे मिटलेत, हा नको, यात ती चिडलीय. आणि अचानक मला रडू फुटलं. असं फुटलं की जीनत शेजारून धावत आली.

ती म्हणाली, "बाजी, आता तरी खरं सांगा तिला."

तर खरं सांगते. बदलायला वेळ नव्हता, हे खोटं आहे. आठजणींचा फेर जुळवायला दहा मिनिटं पुरली असती. सारिका आणि लताबाई दोघी म्हणत होत्या, सरकून घेतो. मीच सरकू दिलं नाही. रोज सकाळी तुझा ठिपका मी माझ्या हाताने काढत होते. जीनतने तुझा ब्लाउज माप न विचारता शिवला, तो मी पिशवीत घालून धुळ्याला नेला. निघताना जळगाव स्टँडवर सावद्याची गाडी लागली, तेव्हा दोनदा उतरून बघून आले. तू येशील असं मला पडदा वर जाईपर्यंत वाटत होतं.

आणि ते दुसरं. उकरत नाही म्हटलं होतं, पण उकरल्याशिवाय चालणार नाही. तू एवढंच म्हणाली होतीस, "नूतन, केळफूल वरून कुणी बघत नाही. ते खाली लोंबतं, बागेत उभं राहून मान वर करून बघायचं असतं. खाली ये, खुर्चीवर बस, आणि एक बाजू उघडी ठेव." केळीच्या बागेत वाढलेली तू, तुला कळणार नाही तर कुणाला? आणि मी गच्चीवरून, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "तू समोरून हललीस तर दिसेल काहीतरी, तुझ्यामागे अख्खं जळगाव झाकलं जातं." सगळ्या हसल्या. तू पण हसलीस. मग घुंगरू सोडून पायरीवर ठेवलेस आणि गेलीस. मी वरून सगळं बघितलं आणि खाली उतरले नाही. चुकले मी, मंदा. फार चुकले.

काल संयोजकांना फोन करून सांगितलं, की आमची मैत्रीण जिवंत आहे, हार आणू नका, ढाल परत न्या. त्यांनी तिथेच कुणाला तरी ओरडून हार रद्द करायला सांगितला. मग म्हणाले, "बाई, मग नाच तरी आहे ना?" मी म्हटलं, तिला विचारून सांगते.

गच्चीची किल्ली मी जीनतकडे देऊन टाकलीय. तू ये, अंगणात खुर्ची टाकून बस, आणि फेराची कुठली बाजू उघडी ठेवायची ते तू सांग. मग नाचायला उभी राहा, अगदी पुढे. दहावी मी असेन. मला एकही पाऊल येत नाही, हे तुला माहीत आहे. सगळे दिवस दुसऱ्यांना ओरडण्यात गेले. म्हणून माझी जागा मी आधीच ठरवून ठेवलीय.

तुझ्यामागे पूर्ण झाकली जायला तयार असलेली,
तुझी
नूतन