पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे

वनचौकी, ९ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवड्याच्या जीपने आलं. इथे फोनला रेंज नाही म्हणून तुझं रागावणंही मला लेखीच मिळतं, हे एक बरं आहे. हो, काका इथेच आहेत, आमच्याच तळावर तंबू टाकून. तब्येत ठीक आहे, वेळेवर जेवतात. कुणी फूस लावलेली नाही. एकटेच आहेत.

आता माझी पंचाईत ऐक. हे सरकारी जंगल आहे. परवाना काढून कुणीही दोन आठवडे राहू शकतं. काका बाकीचे सगळे नियम शहाण्या मुलासारखे पाळतात. शेकोटी विझवली की राखेत हात घालून बघतात. कचरा स्वतःचाच काय, शेजारच्या तंबूतल्या कॉलेजकुमारांचाही वेचतात. ती मुलं त्यांना माझा शिपाई समजतात. फक्त एक नियम त्यांना काही केल्या पाळता येत नाही. ओढ्याच्या अलीकडे झाडांना पांढरे पट्टे मारलेत, त्यांच्या पलीकडे रात्री कुणी राहायचं नाही. जनावरं रात्री पाण्यावर येतात, आणि माणूस दिसला की तहानलेलीच परत फिरतात. मी समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या सकाळी तंबू पलीकडे, पार पाण्याला टेकलेला!

दोनदा लेखी ताकीद दिली. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून फिरले, त्यांच्या नावाने ताकीद लिहिताना सही वाकडी आली. तिसऱ्यांदा सापडले तर परवाना रद्द, आणि या हंगामात कुठल्याच तळावर प्रवेश नाही. घरी जाल का, असं विचारलं. तर म्हणाले, नाही, दुसरीकडे कुठे पाणी आहे का बघेन.

तुमचं नक्की बिनसलंय काय? माझ्या जोडीची वनरक्षक बाळंतपणाच्या रजेवर आहे, दोघींचं काम एकटी ओढतेय. संध्याकाळी बूट काढायचाही कंटाळा येतो. त्यात हे घरचं प्रकरण.

चिडू नकोस. चिडलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

घरून, १२ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बिनसलं काय म्हणतेस? पंखा. हसू नकोस. एवढ्या थंडीत तुझ्या काकांना झोपताना पंखा लागतो, तोही पाचावर. बंद केला तर उठून मोरीतला नळ बारीक सोडून यायचे. विचारावं, तर एकच उत्तर, सवय आहे. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासूनची ही सवय! मी दिवसभर लाँड्रीच्या काउंटरवर उभी, पाय नुसते लाकडाचे होतात. रात्री दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडायचं का मी? शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावून पंखा उतरवला आणि कपाटावर ठेवला.

दोन दिवस घर शांत. तिसऱ्या दिवशी तंबू काढला, पिशवी भरली आणि म्हणाले, या घरात मला झोप लागत नाही. इतक्या वर्षांचा संसार केल्यावर बाईमाणसाने याचा काय अर्थ घ्यायचा, तूच सांग.

तेव्हा तुझी दयामाया तुझ्याजवळ ठेव. सापडू दे तिसऱ्यांदा आणि कर परवाना रद्द. सगळी जंगलं बंद झाली की येतील मुकाट्याने. एका माणसाचा स्वयंपाक करायला माझा हात वळत नाही गं. जास्तच होतो, आणि दुसऱ्या दिवशी मीच तो संपवते.

बूट काढून गरम पाण्यात पाय ठेवत जा. मी ठेवते, फार फरक पडत नाही, पण बरं वाटतं. रागाने लिहिलं असलं तरी आशीर्वाद खरे आहेत.

तुझी,
मावशी

वनचौकी, १६ डिसेंबर

ती. मावशी,

नमस्कार वगैरे नंतर. हे पत्र काकांनी स्वतः आणून दिलं असेल, तर आधी त्यांना आत घे. पुढचं सावकाश वाच.

आज उजाडता उजाडता फेरीला निघाले. काकांचा तंबू नियमाप्रमाणे पट्ट्याच्या अलीकडे ताठ उभा होता. फक्त ते त्यात नव्हते. ओढ्याच्या काठावर, गोट्यांवर घोंगडी टाकून झोपले होते. तोंड उघडं, हात पसरलेले. इतकं गाढ झोपलेलं मोठं माणूस मी खूप दिवसांत पाहिलं नाही. मला उठवणं जिवावर आलं. शेजारी बसून राहिले.

जागे झाल्यावर त्यांनीच सांगितलं. छापखान्यातल्या यंत्राने कान बिघडलेत त्यांचे. ऐकू येतं, पण आत सतत एक बारीक आवाज चालू असतो. यंत्र धडधडत होतं तोवर तो झाकला जायचा. निवृत्त झाले आणि तो उघडा पडला. घर जितकं शांत, तितका तो मोठा. पंख्याखाली निम्मा होतो. ओढ्याजवळ बुडूनच जातो. मावशीला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तर म्हणाले, तिचे पाय इतके दुखतात, ती कधी सांगते?

तरीही मी परवाना रद्द केला, मावशी. ते झोपले होते त्याच्या जरा वर ओल्या वाळूत हरणांचे खूर उमटले होते. पाण्यापर्यंत न येता मागे वळलेले. ते त्यांनाही दाखवले. खाली वाकून एकेक बघितला. मग कागद घेतला आणि म्हणाले, या वेळी सही छान आलीय.

जीप थांबली आहे. ते घरी येतील की स्टँडवरून दुसरीकडे पाणी शोधायला जातील, मला ठाऊक नाही, बहुतेक त्यांनाही नाही. पत्र तुझ्या हातात द्यायचं एवढंच वचन घेतलंय. याहून जास्त मागायचं बळ नव्हतं.

या भाचीला पदरात घे.

भिंगरी

घरून, २२ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वचन पाळलं तुझ्या काकांनी, पण आपल्या पद्धतीने. पत्र दाराखालून सरकवलं आणि निघाले. मी पहिल्या दोन ओळी वाचून दार उघडलं, तर पिशवी घेऊन जिना उतरताना दिसले. या पायांनी धावता येईल तेवढी धावले. खालच्या वळणावर गाठलं. दम लागून बोलता येईना, म्हणून नुसती पिशवी ओढून घेतली. त्यांनी दिली. बाकीचं पत्र आम्ही तिथेच पायरीवर बसून वाचलं. वरच्या मजल्यावरची बाई दळण घेऊन थांबून राहिली, तिला वाट दिली नाही.

कानाच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. आवाज पूर्ण जाणार नाही म्हणतात. पंखा पुन्हा वर लागला हे वेगळं लिहायला नको. मी कानटोपी घालते. तरी काही रात्री त्यांना पंखाही पुरत नाही, मग दोघंही जागे.

परवान्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तहान हरणांनाही असतेच.

काल दुपारी मी त्यांना म्हटलं, तो आवाज मला काढून तरी दाखवा. आधी लाजले. मग ओठ मिटून नाकातून एक बारीक सूर धरला. फार वर, टोचणारा. दम संपला तेव्हा थांबले आणि म्हणाले, बघ, मी थांबलो, तो थांबला नाही.

 आता घर निवांत झालं की मी कान देऊन बसते. मला काही ऐकू येणार नाही, हे कळतं. मग विचारते, आत्ता केवढा आहे? ते सांगतात. कधी म्हणतात, मघापेक्षा जास्त. कधी म्हणतात, तेवढाच. आणि हल्ली तेही विचारतात, पाय कसे आहेत. मीही खरं ते सांगते.

जिवाला जप. आम्हा दोघांचे आशीर्वाद आहेतच.

तुझी,
मावशी